परत बोलावू न शकणारे पाहुणे

सोमवार, २७ जानेवारी २०२५

रिपोर्ट स्वच्छ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रिबकाबाई, आता वर्षानं तोंड दाखवा." मी तिथंच त्यांना मिठी मारली. नर्स हसायला लागली. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी छातीतल्या गाठीचं नाव सांगितलं होतं, तेव्हा खुर्चीवरून उठताही आलं नव्हतं.

बाहेर बाकावर हे माझी पर्स दोन्ही हातांनी धरून बसले होते, कुणी हिसकावून नेईल अशी. मी सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि पाणी प्यायला म्हणून गेले ते येईचनात. आले तेव्हा चेहरा धुतलेला, कॉलर भिजलेली, डोळे लाल. अशा दिवशी या माणसाला तोंड धुवायचं सुचतं! मी मात्र रिक्षात बसल्यापासून घरापर्यंत गात होते. रिक्षावाल्यानं आपली गाणी बंद केली.

मंगळवार, २८ जानेवारी

शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, पण पुस्तक वाचताना असं कधी झालं नव्हतं. लहानपणापासून पवित्र शास्त्र वाचते. खरं सांगायचं तर गृहपाठासारखं वाचत आले. एक अध्याय झाला, टिकमार्क, झोप. आता मात्र शेंगा फोडत बसावं तसं झालंय. एक संपते न संपते तोच हात दुसरीकडे जातो. पहिल्याच स्तोत्रातला तो माणूस देवाच्या नियमात रात्रंदिवस रमतो, हे वाचून मला नेहमी त्याची कीव यायची. नियमात कुणी रमतं का? आता कळतं, तो बिचारा मजेत होता.

आज शुभवर्तमानात जेवणावळीची गोष्ट आली. शंभरदा ऐकलेली. येशू आपल्या यजमानालाच सांगतो की मेजवानी देशील तेव्हा भाऊबंद, श्रीमंत शेजारी बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांना परत बोलावता येत नाही त्यांना बोलाव. गरीब, लंगडे, आंधळे. त्याचं बक्षीस देव देईल.

मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. मी बरी झाले म्हणून आपण उपकारस्तुतीचं जेवण घालणारच आहोत. मग ते असंच का घालू नये? इतक्या वर्षांत आमच्या मंडळीत हे कुणी केल्याचं मला आठवत नाही. सगळे माना डोलावतात आणि कार्यालय बुक करतात. मीही माना डोलावणाऱ्यांतलीच. पण आता नाही! छाती अशी धडधडतेय की दोन वर्षांपूर्वी असती तर दवाखाना गाठला असता.

गुरुवार, ३० जानेवारी

यांना सांगितलं. हे पंख्याचं कपॅसिटर बदलत होते.

"आता हे काय नवीन काढलंस?"

"नवीन नाही, दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे."

"आणि तुझ्या वन्संना काय सांगणार?"

हाच प्रश्न होता. एस्तेर वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांनी माझ्या बरं होण्याच्या आनंदात कार्यालय, बिर्याणी, पाहुण्यांची नावं सगळं मनात ठरवून टाकलं होतं. मी फोन केला. सगळं नीट समजावून सांगितलं. 

"म्हणजे आम्ही आंधळे-लंगडे झाल्यावर बोलावणार का ग?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला रडूही येईना आणि हसूही आवरेना. यांना सांगितलं तर हे नुसते स्क्रू पिळत राहिले.

शनिवार, १ फेब्रुवारी

काय दिवस होता! दवाखान्याच्या फाटकाशी गेले. केमो चालू असताना तिथली माणसं रोज दिसायची, पण एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. आज विचारलं.

फण्या आणि सेफ्टी पिना विकणारे आंधळे गृहस्थ म्हणजे बसलिंगप्पा. मूळचे मैंदर्गीचे. निम्मं मराठी, निम्मं कानडी. "मला? जेवायला? कशाला अक्का?" असं तीनदा विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मी बरी झाले म्हणून. मग म्हणाले, "हौदु, होय, मग यायलाच पाहिजे."

आत व्हरांड्यात राजाबाई. केम गावाजवळच्या वस्तीवरची धनगराची बाई, मेंढरं राखणारी. तिच्या नवऱ्याचा, तात्याबांचा, पाय मोडलाय आणि ती महिनाभर इथंच जमिनीवर झोपतेय. "जेवाय? तुमच्या घरात? बाई, आमी असं मळकं…" मी म्हटलं, मळकं तर मळकं. तिनं माझा हात धरून कितीतरी वेळ सोडलाच नाही.

सगळ्यांना सांगितलं, "रविवारी, सोळा तारखेला, दुपारी बाराला. मागच्या गल्लीतून सरळ या, पिवळ्या रंगाचं घर. ओळखीचं कुणी असेल तर त्यांनाही आणा."

यांनी स्कूटर चालू करता करता विचारलं, "आंधळ्याला पिवळं घर कसं दिसणार?"

सगळ्या आनंदात खोट काढायची यांना सवयच आहे.  घरी आल्यावर म्हणतात, "गुरुला बोलाव. आमच्या चिंचोळीच्या कारखान्यातला. मशीननं दोन्ही पाय नेले त्याचे. बायको काव्या त्याला खुर्चीवरून फिरवते. बोलव म्हणजे, तुझ्या गणतीत बसतो म्हणून सांगतोय."

गणतीत! माणसाबद्दल बोलायची ही काय पद्धत. पण गुरुला फोन केला. येतो म्हणाला.

रविवार, २ फेब्रुवारी

आज उपासनेत माझं लक्ष नव्हतं. दोन गोष्टी टोचतायत.

पहिली माझी. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं सांगितलंय, आणि मी तर दूधवाल्यापासून पाळकबाईंपर्यंत सगळ्यांना ऐकवून बसलेय. मला देवाची गोष्ट आवडलीय की गोष्टीतली मी? खरंच माहीत नाही. पण आवडलीय हे नक्की. तेवढं तरी देवानं पदरात घ्यावं.

दुसरी यांची. माझ्या आजारपणाच्या वर्षी हे मला चर्चच्या पायरीवर सोडून बाहेर रिक्षा स्टँडवर उभे राहायला लागले, ते अजून तसंच. आधी घरात प्रार्थना हेच करायचे. आता माझ्या प्रार्थनेच्या वेळी उठून टाकीत पाणी किती आहे ते बघायला जातात. आज बाहेर आल्यावर म्हटलं, "आता तर मी बरी झाले. आता आत यायला काय हरकत आहे?"

"आटपलं तुझं? चल."

बरी झाले म्हणून तरी आभार मानायला नकोत? मला या माणसाचं कोडं उलगडत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

घरात पाहुणे येणार, करायचं किती पडलंय, आणि यांनी आज दाराशी सिमेंट कालवलं! पायऱ्यांवर वाळू-खडीचा उतार करून ठेवलाय, रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत. चांगल्या तीन पायऱ्या होत्या. मी विचारलं तर म्हणे, "पायऱ्या झिजल्या होत्या." अहो, झिजल्या तर पायऱ्याच बांधा ना! आता पावसात कुणी घसरून पडलं की कळेल. संध्याकाळपासून त्या उतारावर पाणी मारत बसलेत, लेकरासारखं जपतायत त्याला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बेत ठरला. शेंगापोळी, वांग्याची भाजी, आमटी, भात. सगळं शाकाहारी, कुणाला संकोच नको. शेंगापोळीचं सारण करून पाहिलं. गुळाचं प्रमाण असं जमलं की मी एकटीच टाळ्या वाजवल्या!

थर्मास सापडत नाहीये. हेही हल्ली संध्याकाळी घरात नसतात. विचारलं तर "जाऊन आलो," एवढंच. पत्त्यांचा अड्डा परत सुरू झाला असणार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शेजारचे वीरभद्रप्पा आले होते. किराणा दुकान आहे त्यांचं, देवभक्त माणूस, कपाळावर विभूती नेहमी ठसठशीत. मागे नळाच्या पाण्यावरून यांचं आणि त्यांचं जोरदार वाजलं होतं. तेव्हापासून राम राम, पण कोरडा.

"अमृतराव, एक विचारू? राग धरू नका. गल्लीत लोक बोलायलेत. गोरगरिबाला गोळा करायलात म्हणे. जेवणाच्या नावाखाली काय चाललंय?"

 हल्ली अशा एका वाक्यातून काय काय होऊ शकतं, रोज ऐकतोच आपण. वाटलं, झालं, सगळं रद्द करावं लागणार.

हे शांतपणे म्हणाले, "जेवणाच्या नावाखाली जेवणच हाय, अप्पा. ही मरता मरता वाचली. तिला आनंद झालाय, तो तिला एकटीला उचलंना. तुम्ही या की बघायला. सावित्रम्मांनाही आणा."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बघू," आणि गेले.

मी यांना म्हटलं, तुम्ही किती छान बोललात! तर म्हणे, "खोटं काय होतं त्यात?" आणि उतारावर पाणी मारायला गेले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पाय दुखतायत, पण मन उड्या मारतंय. हे वांगी चिरत बसले होते. एकाएकी म्हणाले, "मी त्या साली लई बोललोय त्याला. नाही नाही ते. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला हसूच आलं. इतक्या दिवसांनी अप्पांच्या नळाचं ओझं! मी म्हटलं, "अहो, कधीच विसरलेत ते. मनात धरून ठेवणारा स्वभावच नाही. तुम्ही नुसतं समोर जाऊन उभे राहा. उलट वाट बघत असतील."

"असं म्हणतीस?"

"म्हणजे काय! शेजारी आहे, परका नाही."

हे कितीतरी वेळ हातातलं वांगं तसंच धरून बसले. मी म्हटलं, चिरा आता, पाण्यात टाका, काळं पडेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

सगळं लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

बारा वाजले. सतरंज्या अंथरलेल्या, ताटं मांडलेली, आमटीला उकळी. कुणी नाही. साडेबारा. कुणी नाही. एक वाजला. मी दारात, रस्त्याच्या टोकापर्यंत ऊन आणि एक कुत्रं. मला वाटलं, कुणीतरी त्यांना भरवून दिलं असणार की जाऊ नका, धर्म बाटवतील. मग वाटलं, देवानंच माझा तोरा उतरवला. आत जाऊन ओट्याला डोकं टेकून म्हटलं, तू सांगितलंस तसंच केलं ना रे मी? मग?

तेवढ्यात रिक्षा थांबली. एस्तेर वन्सं! काठी टेकत, तोंड फुगवून.

"उजवा गुडघा गेलाय म्हणतात डॉक्टर. म्हणजे मी लंगड्यांत बसते. वाढ."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या म्हणाल्या, "अगं सोड, काठी पडेल! बाकीचे कुठायत?"

हे म्हणाले, "तू पत्ता काय दिला होतास त्यांना?"

"मागच्या गल्लीतून सरळ, पिवळं…"

आणि माझी मलाच लाज वाटली. दवाखान्याच्या मागं पाच गल्ल्या आहेत. आणि बसलिंगप्पांना मी रंग सांगून आले होते!   हे सरळ शेजारी गेले. मी खिडकीतून बघतेय, हे अप्पांच्या दुकानापुढं उभे, काहीतरी सांगतायत, आणि अप्पा गल्ल्यावरून उठले, शटर अर्धं ओढलं, मालाच्या छोट्या टेम्पोची किल्ली घेतली. दोघं शेजारी शेजारी बसून गेले!

आले तेव्हा टेम्पो भरलेला. राजाबाई सकाळपासून फाटकाजवळच्या लिंबाखाली नवं लुगडं नेसून बसली होती. तात्याबांना कालच दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती, पण जेवणासाठी म्हणून ती गावाला गेलीच नव्हती. प्लॅस्टरचा पाय पुढं करून तात्याबा टेम्पोत मधोमध. बसलिंगप्पा हातात फण्यांचा डबा घेऊन. आणि व्हरांड्यातली किती तरी माणसं, जी मी बोलावलीच नव्हती. कुणाची सून दवाखान्यात, कुणाचा भाऊ. मागून रिक्षातून काव्या आणि गुरु. दोन रिक्षावाल्यांनी खुर्ची घ्यायला नकार दिला होता म्हणून उशीर.

काव्यानं खुर्ची उलगडली, गुरुला बसवलं, दाराकडं बघितलं आणि एका दमात सरळ घरात! एकदासुद्धा उचलावी लागली नाही. गुरु म्हणाला, "मामी, गेल्या दोन वर्षांत कुणाच्या घरात मी असा आलोच नव्हतो. सगळे पोत्यासारखं उचलून नेतात."

तेव्हा कुठं मला तो उतार दिसला. मी यांच्याकडं बघितलं. हे पाण्याचे तांबे मोजत होते.

आणि तात्याबा आत येता येता ओरडले, "ह्येच बघा आमचं च्यावालं! आज थर्मास न्हाय व्हय?" म्हणजे पत्त्यांचा अड्डा नव्हताच. रोज संध्याकाळी व्हरांड्यात चहा जात होता, माझ्याच थर्मासमधून!

जेवण पुरणार नाही हे मला ताटं मोजतानाच कळलं. तोवर मागच्या दारानं सावित्रम्मा. डोक्यावर कडक भाकरीची चळत, हातात शेंगाचटणी आणि मोठ्या पातेल्यात हुग्गी, गव्हाची, गूळ घातलेली. मी सांगितलंच नव्हतं त्यांना. म्हणाल्या, "अक्का, सकाळपासून वास येतोय तुमच्या घरातून. मला बसवंना." आणि मग त्याच वाढायला लागल्या, सगळ्यांना, "ऊटा माडरी, जेवा, ऊटा माडरी!" बसलिंगप्पांनी कानडी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला! त्यांनी चार शेंगापोळ्या खाल्ल्या आणि बोटांनी पाचवी चाचपून बघितली. "ही कडेला जरा जाड हाय," म्हणाले. खरंच होती.

जेवणाआधी मी प्रार्थना केली, अगदी लहान. आभार, एवढंच. अप्पा हात जोडून उभे होते. हे स्वयंपाकघरात होते. पण आमटीच्या पळीचा खडखडाट तेवढा वेळ थांबला होता.

वन्सं राजाबाईशेजारी बसल्या आणि दोघींनी गुडघ्यांची औषधं एकमेकींना सांगितली. मी सगळ्यांच्या ताटांवरून फिरत होते आणि मला वाटत होतं, पायाखाली जमीन नाहीच. देवाचं ऐकणं म्हणजे दात आवळून करायची गोष्ट, असं लहानपणापासून मनात होतं. कुणी सांगितलंच नाही की त्यात असं हसू असतं!

सोमवार, १७ फेब्रुवारी

घोळ झाला. राजाबाई गावाला जाण्याआधी घरी आली, पदराखाली दुधाचा खवा घेऊन. जाताना म्हणते, "आता तुमी दोघं आमच्याकडं जेवाय या. दोन तारखेचा आयतवार. तात्याबांनी सांगितलंया. न्हाय म्हनायचं न्हाय."

मी हो म्हटलं आणि दार लावल्यावर एकदम आठवलं. परत बोलावू न शकणाऱ्यांना बोलवायचं होतं! यांना सांगितलं तर हे कधी नव्हे ते मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"गेलं तुझं बक्षीस," म्हणाले. "फिटंफाट."

किती दिवसांनी हसले हे असे. बक्षीस गेलं तर गेलं.

रविवार, २ मार्च

सकाळच्या गाडीनं केमला उतरलो. तात्याबांच्या मुलानं, माउलीनं, जीपनं वस्तीवर नेलं. ज्वारीची काढणी चालू, सगळीकडं कडब्याच्या पेंढ्या. दोन खोल्यांचं घर, समोर बाभळी, वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं. आणि चुलीवर मोठं पातेलं. आमच्यासाठी बोकड कापलं होतं त्यांनी!

 एवढंसं घर, आजारपण नुकतं संपलेलं. मी म्हणायला लागले, "राजाबाई, कशाला एवढं…"

हे हळूच म्हणाले, "गप जेव. आज आपण आंधळे-लंगडे."

 खरंच, याचं काय परत करणार होतो आम्ही? दोन शेंगापोळ्या? बसून राहिले आणि राजाबाई वाढेल ते घेत राहिले. यात तर घालण्यापेक्षाही जास्त आनंद होता, हे मला आज पहिल्यांदा कळलं.

पण ते नंतर. आधी, भाकरी मोडणार इतक्यात राजाबाई म्हणाली, "थांबा की. तुमचं ते म्हना. तवा बाईंनी म्हनलं हुतं, आता मालकांनी म्हना."

मी पटकन म्हटलं, "मीच म्हणते." यांना अवघड व्हायला नको.

पण यांनी हात वर केला. टोपी काढली, मांडीवर ठेवली. डोळे मिटले. तात्याबांनी पोरांना दटावलं. कितीतरी वेळ हे काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, शब्द विसरले. 

मग म्हणाले, "बोलावलंस. आलो बघ."

एवढंच. आमेनसुद्धा नाही. म्हणजे वांगी चिरताना 'त्याला' म्हणाले होते ते अप्पांबद्दल नव्हतंच.

राजाबाईला वाटलं, तिलाच म्हणाले. तिनं यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"या की," ती म्हणाली. "कवाबी या. इचारायचं न्हाय."